एकटं सोडायला शिकवणारी अतिकाबेन

“रडायचंय ना? रडा की. पण आधी चार घास खाऊन घ्या. रिकाम्या पोटी रडलेलं अंगी लागत नाही.”

हे अतिकाबेनचं बोलणं. आमच्या गावात ज्याच्या ओट्यावर ती बसली, त्या प्रत्येकानं हे एकदा तरी ऐकलं आहे. कुणी हसलं, कुणी खरंच उठून भाकरी आणली, आणि बहुतेकांचं निम्मं रडणं त्या भाकरीबरोबरच उरकलं.

आमचं गाव तापीच्या काठावर. दोन्ही अंगांना केळीची बागायत, पलीकडे ऊस, आणि उन्हाळ्यातसुद्धा घाटाच्या खालच्या पायरीला पाणी. गुजर लोकांची वस्ती. माणसं कष्टाळू, घरं मोठी, आणि एकाच्या घरी शिंक आली की चार घरांतून आल्याचा काढा येणार, अशी आमची पद्धत. या पद्धतीचा आम्हाला अभिमान होता आणि अजूनही आहे. पण हीच पद्धत एका माणसाच्या अंगावर कशी आली आणि अतिकाबेननं ती कशी सोडवली, ते सांगायला मी बसलो आहे.

आधी अतिकाबेन कोण, ते सांगतो. ती अक्कलकुव्याची. तिचे वडील मुनव्वरचाचा पिंजारी. एसटी स्टँडच्या समोर त्यांचं गाद्यांचं दुकान आहे. लोक जुन्या गाद्या आणून टाकतात, चाचा त्या उसवतात, आतला दगडासारखा झालेला कापूस मोकळा करून पुन्हा भरतात. अतिका लहानपणापासून त्याच कापसात बसून शाळेचा अभ्यास करायची. ती सांगायची की ऐकायचं कसं, ते तिला कॉलेजात शिकवलं खरं, पण त्याच्या आधी दुकानात शिकून झालं होतं. गादी घेऊन आलेला माणूस नुसती गादी टाकून जात नाही. ही आईची होती, म्हणतो. हिच्यावर बाप दोन वर्षं पडून होता, म्हणतो. चाचा काम करत राहायचे आणि मधूनच “हूं” म्हणायचे. माणूस जाताना म्हणायचा, “चाचा, तुमच्याशी बोललं की बरं वाटतं.” आणि चाचा तर एक शब्द बोललेले नसायचे!

पुढे ती शिकली, सरकारी दवाखान्यात समुपदेशक म्हणून लागली. समुपदेशक हा शब्द आमच्या गावात कुणाच्या तोंडी बसला नाही. “बोलनारी डॉक्टर” म्हणून ती ओळखली जाऊ लागली. महिन्यातून दोन गुरुवार ती आमच्या उपकेंद्रात येई. पहिल्या गुरुवारी तिच्याकडे कुणी फिरकलं नाही. आत खोलीत बसून मनाचं सांगायचं म्हणजे वेडाचा शिक्का, अशी लोकांची समजूत. दुसऱ्या गुरुवारी तिनं खुर्ची उचलली आणि सरळ लिंबाखाली मांडली. तिथं भुरीबाई नावाची म्हातारी सावलीला बसायची. तिची तक्रार अशी की सून भांडत नाही.

“आधी रोज भांडे,” भुरीबाई म्हणाली. “आते मोबाईलमा देखस नुसती. मी कोनाशी बोलू?”

अतिकाबेननं सुनेला बोलावलं आणि सांगितलं, आठवड्यातून दोनदा सासूबाईंना विचारायचं की भाजीत मीठ कसं झालं. दोघींचं असं काही जोरात सुरू झालं की शेजारी कंटाळले. पण भुरीबाईचं गुडघ्याचं दुखणं कमी झालं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

“आपल्याकडे माणसाला दुःख होतच नाही,” अतिकाबेन म्हणायची. “त्याला ॲसिडिटी होते. बाईचं डोकं दुखतं, बाप्याला छातीत गॅस होतो. मी काय करते? गॅसबद्दल विचारत राहते. विचारता विचारता खरं काय ते आपोआप बाहेर येतं.”

असं तिचं चाललं होतं, तेव्हा छगनभाई तिच्याकडे आले.

छगनभाई म्हणजे पन्नाशीचा भरदार माणूस. केळीचा घड एका खांद्यावर उचलणारा. आदल्या वर्षी त्यांच्या बरोबरीचा एक मित्र जेवता जेवता बसल्या जागी गेला. त्यानंतर महिनाभरानं छगनभाई बागेत असताना त्यांची छाती धडधडायला लागली, हातपाय गार पडले, श्वास पुरेना. गाडीत घालून नंदुरबारला नेलं. हृदय ठणठणीत. आठ दिवसांनी पुन्हा तेच. सुरतला नेलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरनं सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं, याच्यापेक्षा माझं हृदय खराब आहे. छगनभाईंना ते पटलं नाही. तपासण्यांची जाड फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ते सगळीकडे सोबत नेऊ लागले. मग सगळीकडे जाणंच कमी झालं. आधी तालुका सुटला, मग बाग सुटली. शेवटी शेवटी ओट्यावरून खाली उतरायचं म्हटलं तरी कुणीतरी सोबत लागे.

“बेन, मी काय येडा शे का?” पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं. “मन्ही छाती धडधड करस, डोकं नही.”

“येडे नाहीत ओ छगनभाई. जेवलात का?”

“खाई उनू.”

“मग सांगा.”

त्यांनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, “मराले मी घाबरस नही, बेन. पन आज नको, असं वाटस. रोज वाटस.”

अतिकाबेन हसली नाही. तिनं विचारलं, “तुमच्या विहिरीवरच्या मोटारीला ऑटो आहे का?” आमच्याकडे वीज कधी येईल त्याचा नेम नसतो, म्हणून शेतकरी मोटारीला ऑटो बसवतात. वीज आली की मोटार आपली आपण सुरू होते.

“शे ना.”

“केळीला पाणी नको असलं तरी सुरू होते?”

“व्हस. त्याले काय समजस?”

“तसंच तुमच्या छातीतलं आहे. मोटार चांगली, विहीर चांगली. नुसता ऑटो लागून गेलाय. नको तेव्हा सुरू होतो. तुम्ही काय करता? मोटार सुरू झाली की गाव गोळा करता. तिच्याशी भांडायचं नाही. एका जागी बसायचं, घड्याळात बघायचं, किती वेळ चालते ते मोजायचं. आजवर एकही मोटार संध्याकाळपर्यंत चाललेली नाही.”

छगनभाईंना हे समजलं. डॉक्टरांचं जे वर्षभर समजलं नव्हतं, ते मोटारीवरून समजलं.

आता यात अडलेलं काय होतं, तेही सांगायला हवं. छगनभाईंची मुलगी सीमा. तिचं लग्न अक्षय्यतृतीयेच्या पुढच्या आठवड्यात ठरलं होतं. त्यांच्या घरात एक रीत आहे. लग्नाची पहिली कंकोत्री, म्हणजे कुंकू लावलेली पहिली पत्रिका, मुलीच्या फुईला द्यायची. बापाच्या थोरल्या बहिणीला. ती बापानं स्वतः न्यायची, एकट्यानं, आणि बहिणीच्या हातात ठेवायची. बाप हयात नसेल तरच काका नेतो. दुसरी कुठली सूट नाही. छगनभाईंची थोरली बहीण धनुबाई खापरला दिलेली. म्हणजे आमच्या गावाहून एसटीनं अक्कलकुवा, तिथं उतरून खापरची जीप. दीड-दोन तासांची वाट, आणि हा माणूस ओटा उतरत नव्हता.

धाकटा भाऊ अमृत समजूतदार. तो म्हणाला, “भाऊ, मी लई जास. फुईले समजाडी सांगू. आजारी माणूसले कोन बोलस?”

छगनभाई भिंतीकडे बघत म्हणाले, “तू ती कंकोत्री लई गया, तं समज मी गया. मंग मन्हा फोटोले हार टाकीसनच लगन लावा.”

सीमा आत निघून गेली.

अतिकाबेननं त्यांना चालायचं काम लावून दिलं. पहिला आठवडा, घरापासून मारुतीच्या पारापर्यंत, एकट्यानं. दुसरा, केळीच्या बागेपर्यंत. तिसरा, तापीच्या घाटापर्यंत. मग एसटीत बसून एक थांबा पुढे आणि परत. भीती वाटली तर वाटू द्यायची, जागेवर बसायचं, मोजायचं, गेली की पुढं चालायचं. तिनं एका वहीत रकाने आखून दिले. छगनभाईंनी मान डोलावली आणि वही पिशवीत फाइलच्या शेजारी ठेवली.

तीन आठवड्यांनी ती आली. वही पुरी भरलेली. रोज तापीपर्यंत जाणं, रोज परत येणं, धडधड शून्य.

“एकटे जाता?” तिनं विचारलं.

“एकलाच तं,” छगनभाई म्हणाले. “आम्ही सगळा एकलाच जातस.”

तिला काहीतरी वाटलं. ती म्हणाली, “चला, आज मला दाखवा.”

आता जे घडलं ते लिहिताना मला थोडी लाज वाटते, कारण त्या मिरवणुकीत मीही होतो. छगनभाई काठी न घेता ओट्यावरून उतरले. दहा पावलं मागे अनुसयाबाई, त्यांची बायको, हातात पाण्याचा तांब्या आणि पदरात लिंबू. तिच्या मागे त्यांचा सालदार गडी जामसिंग, उन्हासाठी छत्री घेऊन. मग शेजारचे दोघे आणि मी. सगळ्यात मागे अमृत मोटरसायकलवर पहिल्या गिअरमध्ये, म्हणजे वेळ आली तर मागे बसवून दवाखान्यात न्यायला. वाटेत चौकातून आणखी तिघे येऊन मिळाले. “कथा जाई ऱ्हायनात?” “छगनभाईले एकलं फिरवाले.” “थांबा, आम्ही बी येतस.” आणि या सगळ्यांच्या बाजूनं जामसिंगचा कुत्रा.

बोलायचं नाही, अशी आमची शिस्त होती. एकटं चालणाऱ्या माणसाला त्रास नको.

अतिकाबेन केळीच्या बांधापाशी उभी राहून ही वरात बघत होती. आधी तिनं ओढणी तोंडावर धरली. मग तिचे खांदे हलायला लागले. मग ती चक्क बांधावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आम्हाला समजेना. अनुसयाबाई धावत जाऊन तिलाच पाणी देऊ लागल्या.

“भाभी,” श्वास घेत अतिकाबेन म्हणाली, “तुम्ही लोक किती चांगले आहात. आणि तुम्हीच या माणसाला बरं होऊ देत नाही आहात.”

त्या संध्याकाळी छगनभाईंच्या अंगणात सगळे बसलो. चहा झाला. अनुसयाबाईंचा चेहरा पडलेला होता. त्या अतिकाबेनला म्हणाल्या, “बेन, माले बाकी काही येस नही. सोबत ऱ्हावानं येस, तेवढं मी करस. ते एकला पडी गयात, अन काही व्हई गयं, तं मी कोनले तोंड दाखाडू?”

“तुम्ही सोबत चालता तेव्हा त्यांना काय सांगता?”

“काहीच नही सांगस. मुकाट चालस.”

“तुमचा तांब्या बोलतो, भाभी. त्यांनी मागं वळून बघितलं की तांब्या सांगतो, तुझं काही खरं नाही. अमृतभाईंची गाडी सांगते, आज पडशील. छत्री सांगते, मागं नऊ माणसं लागतात तुला. इतकी माणसं ज्याच्या मागं चालतात, त्याला वाटणारच ना, की आपली वेळ भरत आली?”

जामसिंगनं छत्री हळूच पाठीमागं घेतली.

“मंग काय करानं आम्ही?” अमृतनं विचारलं. “बठी ऱ्हावानं का घरमा?”

“हो,” ती म्हणाली. “हेच सगळ्यात अवघड काम आहे. ते मी तुम्हाला देतेय. ते निघाले की तुम्ही बसायचं. तुमचीही छाती धडधडेल. तुम्हीही घड्याळात बघा. चालण्याचं काम त्यांचं. बसण्याचं काम तुमचं.”

आमच्या गावात कुणाला बसायचं काम पहिल्यांदाच मिळालं होतं. आणि ते किती जड असतं, ते मी सांगतो. दुसऱ्या दिवशी छगनभाई निघाले तेव्हा अनुसयाबाईंनी हातात मेथीची जुडी घेतली आणि अशी निवडली की पानं खाली आणि काड्या ताटात. अमृतनं मोटरसायकल पुसायला काढली आणि अर्धा तास एकच चाक पुसत बसला. आम्ही पारावर बसून एकमेकांकडे न बघता बिड्या ओढल्या. छगनभाई बागेच्या वळणापर्यंत गेले, तिथं त्यांना धडधडलं, ते बांधावर बसले. आम्हाला पारावरून त्यांची पांढरी टोपी दिसत होती. आमच्यातले दोघे उठले. त्यांना जामसिंगनं हात धरून खाली बसवलं. तेवीस मिनिटांनी टोपी उभी राहिली.

वहीतलं शून्य त्या दिवशी पहिल्यांदा पुसलं गेलं. तिथं छगनभाईंनी लिहिलं, “तेवीस. मेलो नाही.”

मग बाग झाली, घाट झाला. एसटीचा एक थांबा झाला, मग तीन. कधी दोन पावलं पुढं, कधी आठवडाभर ओट्यावरच. अतिकाबेन कधी शाबासकीचे ढोल वाजवत नसे. वही बघायची, म्हणायची, “बरं. उद्या?” एकदा छगनभाई चिडून म्हणाले, “बेन, तुम्ही चांगलं म्हना कधी.” ती म्हणाली, “मी चांगलं म्हटलं तर तुम्ही माझ्यासाठी चालाल. तुमच्या मुलीसाठी चाला.”

पळस फुलून झडला. कंकोत्र्या छापून आल्या. सीमानं पहिल्या कंकोत्रीला कुंकू लावलं आणि बापाच्या हातात दिली. सोमवारची सकाळ. छगनभाईंनी धुतलेला सदरा घातला, कंकोत्री आतल्या खिशात ठेवली. फाइलची पिशवी त्यांनी उचलली, दारापर्यंत नेली, मग परत खुंटीला अडकवली. अतिकाबेननं दोन गोष्टी बजावल्या होत्या. फोन कुणी करायचा नाही. आणि ती स्वतः अक्कलकुव्याला स्टँडवर नसेल. गाडी त्यांची त्यांनीच बदलायची.

नऊची एसटी गेली. आम्ही बसलो.

आता अक्कलकुव्याला काय झालं, ते मला मुनव्वरचाचांनी सांगितलं आणि छगनभाईंनीही. दोघांच्या सांगण्यात फरक आहे. चाचा म्हणतात वीस मिनिटं, छगनभाई म्हणतात तासभर. बाकी सगळं जुळतं.

अतिकाबेन स्टँडवर नव्हती, हे खरं. पण त्या दिवशी दहा वाजता ती वडिलांच्या दुकानात येऊन बसली होती, कापसाच्या पोत्यांच्या आड. चाचांनी विचारलं, “आज दवाखाना नहीं?”

“अर्धी रजा काढली, अब्बा. चाय पीने आई.”

“चाय घर पे भी थी.”

ती स्टँडकडे बघत राहिली. एसटी आली. छगनभाई उतरले. स्टँडमध्ये सोमवारची ही गर्दी; डोंगरातून आलेल्या बायका, टोपल्या, कोंबड्या, धडगावच्या जीपवाल्यांची आरडाओरड. छगनभाई दहा पावलं चालले आणि थांबले. हात छातीवर गेला. मग ते सिमेंटच्या बाकावर बसले. बसले म्हणण्यापेक्षा बाकानं त्यांना धरलं. तोंडावर घाम, ओठ पांढरे.

अतिकाबेन उठली.

चाचांनी पिंजायची मशीन बंद केली. ते म्हणाले, “बैठ.”

“अब्बा, त्यांचा रंग बघा. मी नुसतं पाणी देऊन येते.”

“सारे गाँव को तूने बिठाया. अब तू बैठ.”

ती बसली. हातातल्या चहावर साय धरली. चाचा सांगतात की त्यांनी आपल्या मुलीला बारावीच्या निकालाच्या दिवशीही इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. ती पोत्याच्या कडेनं बघत होती आणि हातातला कापूस तोडत होती, तोडत होती. तिथं एक छोटा ढीग झाला. स्वतःशी पुटपुटत होती, “मोजा, छगनभाई, मोजा.” तिला माहीत होतं की हृदय धड आहे. पुस्तकात लिहिलेलं होतं, सुरतच्या डॉक्टरनं लिहिलेलं होतं, तिनं स्वतः सतरा जणांना सांगितलेलं होतं. पण समोर माणूस पांढरा पडलेला बघत बसणं म्हणजे काय, हे तिला त्या दिवशी समजलं, असं ती नंतर म्हणाली. अनुसयाबाईंना मी किती सहज सांगितलं होतं, म्हणाली.

बाकावर छगनभाईंनी मान वर केली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मनगट डोळ्यांसमोर धरलं. बराच वेळ तसेच. मग त्यांनी खिसा चाचपला, टोपी नीट केली, उठले. खापरच्या जीपवाल्याला त्यांनी काहीतरी विचारलं, पुढच्या सीटसाठी हुज्जत घातली, आणि पुढच्याच सीटवर बसले. हुज्जत घालताना बघून अतिकाबेननं ओढणीत तोंड खुपसलं. ती रडत होती की हसत होती, ते चाचांना नक्की सांगता येत नाही. त्यांनी विचारलंही नाही.

इकडं गावात दुपारी एक वाजता अनुसयाबाईंचा फोन वाजला. आम्ही सगळे अंगणात. धनुबाईंचा आवाज इतका मोठा की फोन कानाला लावायची गरज नव्हती.

“काय ओ वहिनी! मन्हा भाऊ उना, अन सोबत कोनी नही? आजारी माणूसले एकलाले धाडी दिन्हं? तुमले काही लाज शे का नही?”

“पोचनात का?” अनुसयाबाईंना एवढंच विचारता आलं.

“पोचना म्हनजे? जेवाले बठेल शे. तिसरी भाकर शे हाई. पन एकला कसा काय धाडा तुम्ही? अमृत मरी गयता का?”

अनुसयाबाई फोन धरून ओट्यावर बसल्या आणि शिव्या खात राहिल्या. अर्धा तास. एवढ्या आनंदानं शिव्या खाताना मी कुणाला पाहिलेलं नाही. मधे मधे म्हणत होत्या, “बराबर शे, बाई. चुकनंच आमनं. आनखी बोला.” सीमा आतून गुळाची वाटी घेऊन आली आणि प्रत्येकाच्या हातावर खडा ठेवत फिरली. जामसिंगनं दोन घेतले.

बहिणीनं रात्री सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी छगनभाई खापरहून निघाले आणि अक्कलकुव्याला उतरल्यावर आधी गाद्यांच्या दुकानात गेले. अतिकाबेन दवाखान्यात जायच्या आधी वडिलांना डबा द्यायला आली होती.

“बेन, दिन्ही,” ते म्हणाले. “फुईना हातमा.”

“वाटेत काही झालं?”

“व्हयनं ना. अठेच. त्या बाकावर.” ते खाली बसले. चाचांनी त्यांच्यासाठी गादीची गुंडाळी सरकवली. “खूप व्हयनं. म्हटलं, आते गाडी परत धरानी.”

“मग?”

“मंग तुम्ही दिसन्यात.”

अतिकाबेननं पोत्यांकडे बघितलं.

“त्या पोतासना मांगे. नाकवर कापूस, ओढनीवर कापूस. हाक मारू म्हटलं. पन तुमनं तोंड देखं.” छगनभाई हसायला लागले. “बेन, तुम्ही मन्हापेक्षा जास्त घाबरेल व्हतात! म्हटलं, हिले बलावं, तं हाई पोर मन्हाच अंगवर पडी. मंग एक एसटीमा दोन पेशंट. म्हटलं, ऊठ छगन, चाल, नही तं ह्या पोरनं काही खरं नही.”

चाचा इतके हसले की त्यांना खोकला लागला. अतिकाबेन आधी लाल झाली, मग तीही हसली. ओढणीनं डोळे पुसत म्हणाली, “माझं चुकलं. मी यायला नको होतं.”

“का नको? तुम्ही उन्यात, पन पोताना मांगे ऱ्हायन्यात. तेवढं माले पुरनं.”

मग तिनं आपल्या धंद्याचं खरं सांगितलं, कारण खोटी आशा देणं तिला जमत नसे. “छगनभाई, ते परत येईल. लग्नातही येईल कदाचित.”

“येई तं येई. दोनशे कंकोत्र्या शेतस वाटाना. माले टाईम नही.”

साडेनऊ वाजले. अतिकाबेननं वडिलांचा डबा फळीवर ठेवला, पर्स खांद्याला लावली. छगनभाई उभे राहिले, हात जोडावे की डोक्यावर ठेवावा, ते त्यांना ठरवता आलं नाही, म्हणून त्यांनी खिशातली दुसरी कंकोत्री काढून तिच्या हातात दिली. पत्रिकेवर नाव होतं, मुनव्वरभाई आणि परिवार.

“सगळ्यांनी यायचं,” ते म्हणाले. “तुमनी माय, अख्तरबानोचाचीले बी लई या.”

“येतो सगळे,” ती म्हणाली आणि निघाली.

स्टँडच्या कडेनं, टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांमधून ती वाट काढत गेली. एकीनं तिला थांबवलं; ती वाकली, काहीतरी ऐकलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढं झाली. कुर्त्याच्या पाठीवर चिकटलेला कापसाचा एक पांढरा पुंजका उन्हात लांबूनही दिसत होता. मुनव्वरचाचा मशीन सुरू न करता उभे होते. त्यांच्या शेजारी छगनभाई. ती दवाखान्याच्या रस्त्याला वळेपर्यंत दोघे बघत राहिले.